फॅमिली रूमचा पडदा

आमच्या बाबांचा कोणावर म्हणजे कोणावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही, कचेरीत स्वतः लिहिलेल्या कागदावरही नाही. तो कागद ते तीनदा वाचत. लोक हसत. पण गावाकडच्या चहाच्या दुकानात आमचा कप बाहेर छपराला खोचलेला असे आणि पिऊन झाल्यावर आपल्याच हाताने विसळून परत खोचावा लागे, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बौद्ध झाल्यावर बाबांनी एक नेम धरला. हॉटेलात बसण्याआधी चार टेबलांवरचे कप बघायचे. सगळे सारखे असले तर बसायचं, नाहीतर आल्या पावली परत.

तेव्हा आमच्या अमरावतीत एक नवं हॉटेल निघालं होतं. त्याच मालकाचं अकोल्याला एक, अकोटला एक, अशी एकूण तीन. मालक म्हणे जहाजावर खानसामा होता आणि मेक्सिको नावाच्या मुलुखातला पदार्थ शिकून आला होता: मक्याची पातळ भाकर दुमडून आत बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळ, कच्चा कांदा आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. बायकालेकरांसाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ होती.

“कायचा मेक्सिको? मेळघाटातली मक्याची भाकर हाय ते,” बाबा म्हणाले.

आईला मात्र जायचंच होतं. जन्मात ती कधी हॉटेलात बसून जेवली नव्हती. कोणीतरी वाढावं आणि आपण बसून खावं, एवढीच तिची हौस. वर्षभर मागे लागली, तेव्हा कुठे बाबा तयार झाले. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन.

वाढप्याने आम्हाला थेट फॅमिली रूममध्ये नेऊन बसवलं आणि मागे पडदा ओढून घेतला. झालं! बाबांना दुसऱ्यांचे कप दिसेनात. भाकरी आल्या, चहा आला. आमच्या कपांना हिरवी रेघ होती. आईने पहिला घास घेतला, तिखटाने सूं सूं करत हसली, आणि तेवढ्यात बाबांनी पडदा बोटभर सरकवून बाहेर पाहिलं. बाहेरचे सगळे कप पांढरेफटक.

“उठा,” ते म्हणाले.

“काहून?” आईने विचारलं.

“उठ म्हटलं ना. आपले कप अलग हायेत.”

आई उठली. आम्ही कोण हे वाढप्याला कसं कळलं, असा प्रश्नही आम्हाला पडला नाही. असे लोक चेहऱ्यावरून ओळखतात, अशी आमची खात्रीच होती. मला तर बाबांचा फार अभिमान वाटला.

पाच-सहा वर्षांनी मी अकोल्याला शिकत होते. मैत्रिणींनी मला ओढतच त्या मालकाच्या तिथल्या हॉटेलात नेलं. त्यांतल्या दोघी पाटलांच्या घरच्या. फॅमिली रूममध्ये बसून बघते तर आम्हा सगळ्यांपुढे हिरव्या रेघेचे कप! वाढप्याला विचारलं, तर तो म्हणाला, “बाहेर बिडी-तंबाखूचे तोंडं राहते, बाई. बायालेकराईचे कप आमी अलगच ठेवतो.”

सुटीत घरी येऊन सांगितलं, तर बाबांचा माझ्यावरही विश्वास बसेना. “पाटलाच्या पोरी संग होत्या, म्हनून बोलला असन.” दुसऱ्या दिवशी ते एकटेच अमरावतीच्या हॉटेलात गेले. बाहेरच्या टेबलावर पांढऱ्या कपात चहा प्यायले आणि पडद्याआड जाणारा प्रत्येक कप बघत तासभर बसून राहिले. परत आले ते पडल्या चेहऱ्याने. मला त्यांची इतकी दया आली की त्यांच्याकडे बघवेना.

“रविवारी जाऊ आपन तिथं,” ते आईला म्हणाले. “चूक माहीच होती.”

आई तांदूळ पाखडत होती. “मी नाई येत.”

“अवं, पाहून आलो ना मी. आत सगळ्याईले तोच कप हाय.”

“कपाचं नाई म्हनत मी.” तिने सूप खाली ठेवलं. “जनमभर लोकाईनं उठवलं मले. त्याची सवय झाली होती. त्या दिवशी भरल्या ताटावरून तुमी उठवलं.”

बाबांनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.