मामींच्या भिंती

भिंतीला विटा-सिमेंट लागत नाही, असं ठामपणे मानणारी चेन्नईतली एकमेव व्यक्ती म्हणजे आमच्या शेजारच्या मामी. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घराच्या आतली एकुलती खरी भिंत त्यांच्या यजमानांनी पाडली होती. का, तर नवरात्रात बाहुल्या मांडायच्या कोलूच्या नऊच्या नऊ पायऱ्या हॉलमध्ये मावाव्यात म्हणून! पायऱ्या मावल्या, झोपायची खोली गेली. पुढे यजमानही गेले. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली आणि म्हणू लागली, "यांना घेऊन तिथं झोपू कुठं?"

मामींनी ते मनावर घेतलं. कपाट आडवं फिरवून त्याच्या पाठीवर कॅलेंडर टांगलं. झाली एक भिंत. कोलूच्या लाकडी पायऱ्या वर्षभर उभ्याच ठेवल्या, बाहुल्यांच्या जागी लोणच्याच्या बरण्या, दुसरी भिंत. तिसरीकडे दोन कांजीवरम साड्या, आणि त्यांना पितळी घंटी. एकदा मी साडी सारून थेट आत गेले, तर मला परत पाठवलं. "भिंतीतनं येतात का गे कोणी? घंटी वाजव!" साडीखालून त्यांचे पाय स्पष्ट दिसत असत. तरी बाहेरून "मामी, आहात का?" विचारलं की आतून उत्तर यायचं, "बघून सांगते."

मी हसायचे. माझा जन्म बँकेत गेला. जे आहे तेच लिहायचं, ही सवय. म्हणून नात्यातल्या एका लग्नाला येण्याआधी मामींच्या मुलीनं मला फोन करून विचारलं, "आंटी, अम्माकडे खरंच खोली झालीय? दार आहे?" तेव्हा मी म्हटलं, "दार नाही. साडी आहे."

ती नवऱ्यासह टी. नगरच्या हॉटेलात उतरली. मामींकडे तासभर आली, कॉफी प्यायली. मामींनी खोली दाखवली. नव्या चादरी, दोन उशा, झाकलेला तांब्या. "छान केलंयस अम्मा," असं ती साडीच्या बाहेरूनच म्हणाली. एक रात्र ती काही अवघडून मेली नसती. "आहे गं, ये," एवढंच मला म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मामींनी सुतार बोलावला. आता पायऱ्या आणि कपाट यांच्यामध्ये सागवानी चौकट उभी आहे, दार, आतून कडी. वर छतापर्यंत सगळं मोकळंच. मामींनी मला हाताला धरून नेलं, कडी चारदा लावून दाखवली. "आता तूच कळव तिला. तुझं ऐकते ती."

मी तिथूनच फोन केला. दार आहे, भक्कम आहे, आतून लागतं, असं सगळं सांगितलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. "बघू आंटी, या वर्षी कठीण आहे," ती म्हणाली.

मामी कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. "काय म्हणाली गे?"

"येते म्हणाली," मी सांगितलं.