धसईची हळद आणि मी ठोकलेलं पॅकिंग

नाशिक सोडलं तेव्हा गाडीत गोडसर वास येत होता. मागच्या सीटवर आंब्यांची पेटी होती. वास पेटीचा, असा निष्कर्ष मी काढला आणि दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज मला वाटली नाही. वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलेल्या माणसाने एकाच सूत्रावर विसंबायला नको होतं.

माझा जुना सहकारी वसंता नोकरी सोडून धसईला शेती करतो. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि आदल्या संध्याकाळी हळद. त्याने फोनवर एक काम सांगितलं होतं: "येताना आटगावजवळच्या वाडीतून हिराबाईंना घेऊन ये. त्या आल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही." हिराबाई म्हणजे धवलारीण (लग्नाचे विधी गाण्यांतून लावणारी बाई, ती गाणी म्हणजे धवळे). मी म्हणालो, काळजीच करू नकोस. पुढे जे झालं त्यात हे वाक्य मला वारंवार आठवलं.

कसारा घाट उतरताना तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर होता. खाली उतरल्यावर एका टपरीपाशी थांबलो, वडापाव खाल्ला, इंजिन निवल्यावर झाकण उघडलं. पाणी बरंच कमी झालं होतं. गाडीखाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी होती. गळती दिसत नाही म्हणजे गळती नाही, हा माझा दुसरा निष्कर्ष. बाटलीभर पाणी ओतून निघालो.

हिराबाई वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली उभ्या होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी नाक वर केलं.

"वास कसला हो, भाऊ?"

"आंबे आहेत मागे."

"आंबा असा नाय वासत," त्या म्हणाल्या आणि खिडकीची काच खाली केली.

वाटेत त्यांनीच विषय काढला. वसंताच्या पुतण्यांनी या वेळी डीजे सांगितला होता. पोरांनी त्यांना निरोप पाठवला होता: काकू दिवस मावळायच्या आत आल्या तर ठीक, नाहीतर हळद डीजेवर.

"एकदा का एका घरात डीजेच्या पेटीवर हळद लागली," हिराबाई म्हणाल्या, "का दुसऱ्या घराला मी कशाला लागतेय? आमच्या वाडीत माझ्या सासूनंतर मी. माझ्यानंतर कोण नाय. पण मी असताना बंद झालं असं नको व्हायला."

"पोचवतो तुम्हाला," मी म्हणालो. आसनगाव मागे पडलं तेव्हा काटा लाल पट्टीला टेकला होता.

शहापुरात शिरताच उजव्या हाताला पत्र्याच्या शेडचं गॅरेज दिसलं. मालक दत्तू, चाळिशीचा, खांद्यावर फडकं. त्याने बोनेट उघडलं आणि लगेच निदान केलं: "वॉटर पंप गेला." अर्ध्या तासाने, पंप धडधाकट असल्याचं सिद्ध झाल्यावर, त्याने दुसरं निदान तितक्याच ठामपणे केलं. इंजिनावर हवा-पेट्रोल आत नेणारी धातूची नळकांडी असतात, ती मॅनिफोल्ड; पाण्याचीही एक वाट त्यातून जाते. ती जिथे इंजिनाला जोडलेली होती त्या सांध्यावर पांढरट हिरवा थर साचला होता.

"हे बगा. पॅकिंग गेलंय (पॅकिंग म्हणजे सांध्यात बसवायचा पातळ थर, गॅसकेट). पाणी इथून झिरपतं आणि गरम लोखंडावर सुकून जातं. मग खाली काय दिसणार? पाण्यातल्या कूलंटचा गोड वास नाय आला तुमाला?"

मी आंब्यांचा उल्लेख टाळला. हिराबाईंनी टाळला नाही.

तयार पॅकिंग कल्याणहून मागवावं लागणार होतं, उद्या आलं असतं. दत्तू म्हणाला, कागदाचं हाताने कापून देतो, परतीला नवं टाकू. त्याआधी इंजिन निवू द्यायला हवं होतं.

"फुंकर मार," हिराबाई म्हणाल्या.

"मावशे, चहा नाय तो."

आम्ही शेडच्या सावलीत बसलो. समोरची बाई पळसाच्या पानावर करवंदं विकत होती. ती खाताना हिराबाई दर थोड्या वेळाने उठून उन्हाकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

इंजिन हाताला सोसवेल इतकं झाल्यावर दत्तूने पाणी काढलं, नळ्या सोडवल्या, बोल्ट काढून मॅनिफोल्ड उचललं. उघड्या भोकांत कचरा जाऊ नये म्हणून त्याने त्यांत फडक्याचे बोळे कोंबले आणि जुन्या पॅकिंगचा चिकटलेला थर पातीने खरवडू लागला. एवढ्यात भाजीचा एक टेम्पो दारात आला. त्याचा क्लच अडकला होता आणि चालक रडकुंडीला आला होता.

कागद तयार होता. दत्तूने तो मॅनिफोल्डच्या तेलकट तोंडावर दाबून छाप घेतला होता. आता छापाच्या कडांवर हातोडीने हलके ठोके द्यायचे, धातूची कड कागद कापते. हे त्याने एका कोपऱ्यात करून दाखवलं. बघायला फार सोपं होतं.

"द्या इकडे, मी करतो," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

दत्तूने माझ्याकडे पाहिलं, भाजीवाल्याकडे पाहिलं. "जमंल? जिथं काळा गोल उठलाय, तिथं भोक. बस."

हिराबाई म्हणाल्या, "भाऊंना द्या रे. बसून बसून घाम येतोय त्यांना."

मी मन लावून काम केलं. बोल्टची भोकं झाली, हवेची मोठी भोकं झाली. एका टोकाला एक लहानसा, फिकट, अर्धवट गोल होता. मी तो निरखून पाहिला. डेस्कवर आमचा एक नियम होता: अस्पष्ट असेल आणि खात्री नसेल, तर गाळा. तो डाग आहे असं ठरवून मी तो भाग अखंड ठेवला. उरलेल्या कडा इतक्या सुबक उतरल्या की मी ते पॅकिंग उजेडात धरून हिराबाईंना दाखवलं.

"रांगोळीच झाली," त्या म्हणाल्या. "आता लावा पटापट."

भाजीचा टेम्पो सोडून दत्तू धावत आला. हिराबाई त्याच्या मागे उभ्या राहून ऊन कुठे पोचलं ते सांगत होत्या. त्याने पॅकिंग बसवलं, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बोल्टकडे असं थोडं थोडं करत सगळं आवळलं, पाणी आणि कूलंट भरलं, गाडी सुरू केली. सांध्यातून थेंबही आला नाही. दत्तू म्हणाला, "साहेब, हात आहे तुमाला." मी विनयाने हसलो. पाणी गळत नव्हतं याचं कारण, ते तिथून जातच नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव आणि तिथून धसई, असा रस्ता आहे. दोन्हीकडे भाताची खाचरं, या दिवसांत भेगाळलेली, रोपांसाठी राब (पालापाचोळा) भाजलेले काळे चौकोन. पुढे सह्याद्रीची भिंत, आणि धुरकट उन्हात सिद्धगड असावा असा एक आकार. मी त्याच्याविषयी काही सांगायला लागलो तेवढ्यात हिराबाई ओरडल्या, "भाऊ, धूर!"

किन्हवली नुकतंच मागे गेलं होतं. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. दत्तूला फोन लावला. तो म्हणाला, मोटारसायकलवर येतो, पण पुन्हा सगळं उघडायचं म्हणजे रात्र होणार. सूर्य मागच्या टेकड्यांच्या वर हातभर उरला होता. सरळगावची एसटी गेली होती.

पिशवी छातीशी धरून हिराबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

पहिलं वाहन आलं ते एक टेम्पो. मागे माणसाच्या उंचीचे स्पीकर दोरीने बांधलेले, टपावर रंगीत दिवे. चालकाने करकचून ब्रेक लावला.

"मरायचं काय, मावशे?"

"कुठं चाललास रे?"

"धसईला. हळद आहे. तो जनरेटर दगा देत होता, म्हणून उशीर झालाय. व्हा बाजूला."

"कोणाची हळद?"

"वसंता शेठच्या पोरीची."

हिराबाईंनी मागच्या पेट्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू तो डीजे काय?"

"हां. निलेश."

"मी धवलारीण. मला टाकून गेलास तर तिथं सांगशील काय त्यांना? रस्त्यात उभी होती, नाय घेतली?"

निलेशने डोकं खाजवलं आणि शेजारी बसलेल्या गड्याला मागे जायला सांगितलं. हिराबाई पुढे बसल्या. गाडीची किल्ली दत्तूसाठी जवळच्या घरात देऊन मी आंब्यांच्या पेटीसह मागे चढलो, इस्त्रीच्या कुडत्यात, दोन स्पीकरच्या मध्ये. त्या भागातल्या प्रवासाचं वर्णन मला करता येणार नाही. मला फक्त गेलेला रस्ता दिसत होता, तोही ताडपत्रीच्या फटीतून. पुढून मात्र आवाज येत होते.

"पेट्या लावायला किती टाइम लागतो रे तुला?"

"तासभर तरी."

"मग तासभर माझा."

"मावशे, पोरं ओरडतील."

"ओरडू दे. तुझ्या वायरी जुळंपर्यंत ती ओरडून काय वाजणार आहे?"

निलेशने टेम्पोचा वेग वाढवला.

वसंताच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा दिवस नुकताच मावळत होता. मांडवातल्या पोरांनी डीजे आला म्हणून शिट्ट्या वाजवल्या. दार उघडलं आणि हिराबाई उतरल्या. शिट्ट्या थांबल्या. वसंताची बायको सुमन हळदीची वाटी पदराखाली धरून ओट्यावर बसली होती. ती उठली.

"काय गो, किती वाट बगायची! पोरं मागत होती, मी वाटी दिली नाय."

"तर काय. आले ना," हिराबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला पाणी मागितलं.

नवरी पाटावर बसली, बायका भोवती आल्या आणि धवळे सुरू झाले. मागे निलेश आणि त्याचा गडी वायरी ओढत होते. देवांना बोलावून झालं, नवरीच्या मावश्या-आत्यांना बोलावून झालं, आणि मग पाहुण्यांची थट्टा सुरू झाली. त्यात नाशिकचा एक पाहुणा आला, ज्याने आपल्या तहानलेल्या गाडीला पाण्याऐवजी कागदाची रांगोळी भरवली होती. बायका हसून लोटपोट झाल्या. वसंता सगळ्यात जोरात हसला. निलेशच्या पेट्या केव्हाच तयार झाल्या होत्या. एक पुतण्या त्याच्याकडे जाऊन काही कुजबुजला. निलेश म्हणाला, "थांब ना, त्यांचं गाणं चाललंय," आणि पालथ्या टोपलीवर बसून राहिला. हळद पूर्ण लागल्यावरच त्याने बटण दाबलं. मग तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि पोटात धडधडणारा आवाज, असं जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर दत्तू गाडी घेऊन धसईला आला. कल्याणहून आलेलं पॅकिंग त्याने बसवलं होतं. त्याने खिशातून माझं काढलं आणि त्या अखंड कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे पाण्याचं भोक कुठं गेलं?"

"मला तो डाग वाटला."

"डाग!" त्याने पॅकिंग उलटसुलट करून पाहिलं. "मी पण बगितलं नाय. मावशीची घाई. तापून इंजिनचं हेड वाकलं नाय हे नशीब. पण साहेब, माझ्या गॅरेजचं नाव लिवू नका कुठं."

म्हणून ते इथे नाही.

हिराबाईंना घरी सोडतो, असं मी म्हणालो. त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"आता कोणी ठोकलं?"

"तयार आणलंय. दत्तूने बसवलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि निलेशच्या टेम्पोत पुढे जाऊन बसल्या.

परतताना मी एकटाच होतो. कसारा घाटात दरी होती, झाडी होती, वळणं होती. वाचकांना ती दुसऱ्या कोणाच्या लेखातून मिळतील, कारण मी नाशिकपर्यंत काट्याकडेच बघत होतो. डोक्यात मात्र एक मोहक वाक्य तयार होत होतं: माझ्या चुकीमुळेच धवलारीण आणि डीजे एका टेम्पोत बसले. मथळ्याला ते शोभलं असतं. पण माझं पॅकिंग बरोबर असतं तर हिराबाई दिवसाउजेडी पोचल्या असत्या, वाटी सुमनच्या पदराखालीच असती आणि हळद तशीच लागली असती. मी फक्त एका बाईला भर रस्त्यात उभं केलं. बाकीचं तिने केलं. तेव्हा ते वाक्य मी गाळलं. या वेळी खात्रीने.

काही आठवड्यांनी वसंताचा फोन आला. सरळगावच्या एका घराने हळदीला दोघांनाही सांगितलं होतं, आधी हिराबाई, मग निलेश, आणि निलेशच त्यांना वाडीतून आणणार होता. मलाही आमंत्रण होतं. त्याच्याकडे आलेल्या हिराबाईंचा मागून आवाज आला. त्यांनी फोन हातात घेतला.

"भाऊ, या हं नक्की. आटगावला उतरा. टेम्पोत मागं जागा ठेवते तुमाला."