लागला, अक्का!

तारमामा विजेच्या खांबाला नमस्कार करायचा. देवाला करतात तसा, चपला काढून, डोळे मिटून. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमची गल्ली होती. तिच्या कोपऱ्यावर एकच खांब होता आणि तो मामाने स्वतः उभा केला होता. वीज कंपनीत तो तारा ओढायच्या कामावर होता. दिवेलागणीला तो असेल तिथून सायकल हाणत यायचा, खांबाखाली उभा राहायचा आणि दिवा लागला की हात जोडून आमच्या दाराकडे तोंड करून ओरडायचा, "लागला, अक्का!"

अक्का म्हणजे माझी आई, त्याची थोरली बहीण. आम्ही मुलं तिला अम्मा म्हणायचो. ती आतूनच, कंदिलाची काच पुसता पुसता उत्तर द्यायची, "लागणारच की! रोज रोज काय ओरडाचं ते?" बाहेर येऊन तिने तो दिवा लागताना कधी पाहिला नाही. घरात बल्ब आला तरी तिचा कंदील सुटला नव्हता. मामाला हे फार लागायचं. "सगळं तंजावूर बघतं, माझी सख्खी बहीण तेवढी बघत नाही," असं तो मला सांगायचा आणि अम्माला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा.

त्याच्या खिशात तांब्याच्या तारेचे तुकडे कायम असत, म्हणून तो तारमामा. छत्रीची मोडलेली काडी, चपलेचा तुटलेला अंगठा, आजोबांच्या चष्म्याची दांडी, सगळं तो तारेने जोडून द्यायचा. मला त्याने तारा पिळून बांगडी केली होती. "सोन्याची कधी करशील?" असं मी विचारलं, तर मिशीला पीळ देत म्हणाला, "सोन्यातूनही वीज जाते बघ. पण कंपनी मेली सोनं देत नाही!" नम्रपणा त्याच्या वाटेला कधी गेला नाही. आपण खांबावर चढलो नसतो तर बृहदीश्वराच्या देवळातही अंधार राहिला असता, असं त्याचं ठाम मत होतं.

विजेपाठोपाठ नळ आला. नदीवरचा पंप विजेवर चालायचा, तेव्हा नळाचं पाणीही आपलंच, असं मामाने जाहीर करून टाकलं. गल्लीत सगळ्यांची मिळून एक विहीर होती. मामा दारोदार हिंडला. "अस्के मिळून विहीर बंद कराच! नळ आला, आता दोर ओढत बसाला आपण काय बैल?" अस्के म्हणजे सगळे. लग्न होऊन पुण्याला आल्यावर माझ्या या शब्दाला लोक हसले, पण माझ्या कानात तो अजून मामाच्या आवाजातच वाजतो. विहिरीवर दगडी फरशी आली आणि बायका तिच्यावर वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालू लागल्या. एकटी अम्मा म्हणाली, "तार तुटली तर रे?"

"माझी तार?" मामा रागाने ताडकन उठला. त्या दिवशी तो आमच्याकडची कॉफी न पिता गेला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन दोन पेले प्याला.

मग 'चले जाव'चे दिवस आले. मामाने खादी चढवली. गावोगाव टपालखात्याच्या तारा तुटत होत्या, रूळ उखडले जात होते, आणि आमचा बडबड्या मामा गप्प झाला होता. अम्माला त्याच्या गप्प बसण्याचीच भीती वाटायची. एका संध्याकाळी गोऱ्या साहेबांच्या क्लबात मेजवानी होती. बँड वाजत होता, आणि एकदम क्लबातले दिवे गेले. त्याच तारेवरचं आमचं अर्धं गावही अंधारात बुडालं, पण अंधारात लोक हसत होते. साहेबाचा घास म्हणे हातातच राहिला!

सकाळी मामा आला. मिशी वर, डोळे चमकत होते. अम्माने दार लावून घेतलं आणि विचारलं, "तूच ना?"

"कोण का असेना," मामा म्हणाला. "पंप बंद राहील एक-दोन दिवस. आपल्याला काय? आपण विहिरीचं पाणी काढू. गोऱ्याकडे कुठे आहे विहीर?"

बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर फरशीवर वडाम वाळत होते. मामाचा चेहरा असा उतरला की मी तो आजही विसरलेले नाही.

पोलीस अधिकाऱ्याने दवंडी पिटवली: तार तोडणारा हाती लागेपर्यंत तार जोडली जाणार नाही. तुटल्या जागी शिपाई बसवले. गल्लीतल्या पुरुषांनी पहारींनी फरशी उचलली, तर खालचं पाणी हिरवं झालेलं आणि कुबट वासाचं. ज्यांच्या अंगात बळ होतं त्या बायका नदीवरून घागरी आणू लागल्या. बाकीच्यांनी तेच पाणी गाळून, उकळून वापरलं. गल्लीतली लहान मुलं एकेक करून आजारी पडली. माझा धाकटा भाऊही पडला. त्याच्या पोटात काही ठरेना, अंग तापानं भाजत होतं.

मामा आला तेव्हा अम्मा माझ्या भावाला वारा घालत बसली होती. ती ओरडली नाही. "तोडलास ते बरं केलास," ती म्हणाली. "तोडाचंच होतं. पण ह्याला आता पाणी कोण देणार?"

"चढलो तर धरतील, अक्का."

अम्मा जा म्हणाली नाही, जाऊ नकोही म्हणाली नाही. तिने माझ्या भावाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मामा निघाला.

भर दुपारी, कंपनीचा गणवेश घालून, सगळ्या गावादेखत तो तुटल्या तारेच्या खांबावर चढला. तार जुळली की वीज सोड, असं वीजघरातल्या सोबत्याला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. खाली शिपाई जमले. त्यांच्यातला म्हातारा हवालदार वर बघून म्हणाला, "मुडिच्चिट्टु वांग, सामी." म्हणजे, आटोपून या. त्याच्याही घरी नळ होता. मामाचं काम होईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही.

त्याला आमच्या गल्लीतूनच नेलं. नळ आधी खोकला, मग फुसफुसला आणि मग धो धो वाहू लागला. "तन्नी वंदुडुच्चु!" पाणी आलं, पाणी आलं, असं ओरडत बायका घागरी घेऊन धावल्या. त्या गडबडीत बेड्या घातलेल्या मामाकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. तो हवालदाराला म्हणाला, "घोटभर पिऊ द्या." अम्माने पेला भरला. त्याचे हात अडकलेले, म्हणून तिने लहान मुलाला पाजावं तसं वरून त्याच्या तोंडात पाणी सोडलं.

"गोड आहे," मामा म्हणाला. "संध्याकाळी तेवढं बाहेर येऊन बघ हं अक्का. लागतो का ते."

संध्याकाळी अम्मा बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. दिवा लागला. तिने हात जोडले, आणि मामा रोज उभा राहायचा त्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हणाली, "लागला रे."

मामा परत आला नाही. तुरुंगात त्याला ताप आला आणि तो तिथेच गेला. स्वराज्य काही त्याने पाहिलं नाही. माझा भाऊ वाचला, त्याला आता नातवंडं आहेत. विहीर अस्क्यांनी मिळून उपसली, आणि नळ चालू असतानाही अम्मा रोज तिच्यातून एक घागर काढायची. संध्याकाळी खांबाखाली जाणं मात्र तिने मरेपर्यंत सोडलं नाही. "मी त्याला जा म्हणाले नव्हते," असं ती कधी कधी आपणहून म्हणायची.

मला मामाची फार आठवण येते. इथे पुण्यात वीज जाते, सगळे वैतागतात, आणि आली की नातवंडं "लाइट आले, लाइट आले!" म्हणून ओरडतात. मी पायातल्या सपाता काढते आणि हात जोडते. मुलं हसतात, हसू देत. मी मनातल्या मनात पुटपुटत नाही. तो असेल तिथे त्याला ऐकू जावं इतक्या मोठ्याने सांगते, "लागला, मामा!"