फिरंगिणीचा ठसा

अन्याय झाला तो बोरीवलीच्या खाडीकाठच्या एका कोळी आजीवर. गेल्या वर्षी, खंडेनवमीला, सकाळी अकराच्या सुमारास. केला माझ्या बाबांनी, मुलुंडला आमच्या गॅलरीत. पॉलिश पेपर मी आणून दिला होता.

आजीच्या घरात एक जुनं हत्यार होतं. पुरुषभर उंच दांडा, वर भाल्याचं टोक, त्याखाली कुऱ्हाडीचं पातं, मागे आकडा. पोर्तुगीज शिपायाचं, असं घरात सांगत आलेले. नाव फिरंगीण. आकड्याला जाळी टांगत. दांडा मोडला तेव्हा वल्ह्याचा बसवला.

गावठाणाची हद्द मोजण्याबद्दलच्या बैठकीत मी गाव वाचवायची पत्रकं वाटत होते. मोजणीचे साहेब म्हणाले, "तुम्ही इथले जुने, याला पुरावा काय?" आजी उठली. "घरात फिरंगीण हाय माझ्या." सगळा हॉल हसला. मला राग आला, आणि रागात मी शब्द देऊन बसले: "आजी, ती खरी आहे असं मी लेखी आणते."

जुन्या शस्त्रांच्या जाणकार बाईंनी दसऱ्यानंतरची वेळ दिली. तोवर फिरंगीण आमच्याकडे. आणि मध्ये खंडेनवमी आली. बाबा कारखान्यात फिटर होते. त्या दिवशी गंजलेलं हत्यार आमच्याकडे पूजेला मांडत नाहीत. कानस, पक्कड, सगळं लख्ख. "पाहुणीलाच तेवढी मळकी ठेवायची का गं?" बाबा म्हणाले. दोन तास घासलं. पात्याच्या मुळाशी नखाएवढा ठसा होता, तो खड्डा समजून सपाट केला. झकास दिसत होतं. मी फोटो काढला, घासून झाल्यावर.

बाईंनी भिंग लावलं. "घडण युरोपी आहे. पण शोभेच्या नकलाही अशाच असतात. खरं काय ते गंजाचा थर सांगतो, नाहीतर कारागिराचा ठसा. इथे काहीतरी होतं. कुणी घासलं?"

बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

कागदावर बाईंनी लिहिलं, काळ निश्चित करता येत नाही. पुन्हा गंज चढू नये म्हणून मेणाचा पातळ हात द्यायला शिकवलं. डागडुजी म्हणून तेवढंच उरलं होतं.

बाबांना घेऊन आजीच्या घरी गेले आणि कागद मी वाचून दाखवला. तिने पात्यावरून अंगठा फिरवला, ठशाच्या जागी थांबली. "लग्नात माझं पन नाव पुसलं, बाय. म्हणून काय मला म्हायेर नव्हतं?"

बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

आजी मोठ्या मनाची. पण साहेबांपुढे ठेवायला आता तिच्याकडे आमचा हा कागद आहे, आणि तो साहेबांच्याच बाजूने बोलतो. बिल्डर गावाच्या खुणा पुसतात, असं मी कितीतरी पत्रकांत छापलंय. ही खूण आम्ही पुसली, हळदकुंकवाचं ताट शेजारी ठेवून, मायेने. यंदा बाबांनी हत्यारं पूजेला काढली नाहीत.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर खुशाल फूल वाहा, हात जोडा. पण तो पॉलिश पेपर आत्ता खाली ठेवा. आहे तसा फोटो काढा, आणि आधी जाणकाराला दाखवा.