रशियातलं पोरगं

शिंप्याच्या दुकानात चिंध्या अन् किस्से सारखेच साठतात. टाकू म्हटलं तरी टाकवत नाहीत. आमच्या आष्टीच्या दुकानातले रशियाचे किस्से तर मी अजून कोणाला धड सांगितलेच नाहीत. सांगायला बसलो की शेवटाला गाडी अडते. आज सांगूनच टाकतो.

निजामाचं राज्य होतं. शुक्रवारी कचेरी बंद, शाळाही बंद. शाळेचे दत्तू मास्तर जेवण करून दुकानात यायचे अन् रशियाच्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचायचे, मराठीत केलेल्या. मी काजं करत ऐकायचो.

*

पुस्तकं नगरहून यायची, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातून. मी कापड आणायला गेलो की मास्तरांचं पुस्तक ठाणात गुंडाळून, लपवून आणायचो. एकदा सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकात घेत तिथं, हुसेनमियां शिपायानं ठाण उलगडलं अन् पुस्तक खाली पडलं. यात काय हाय, म्हणाला. मी खरं ते सांगितलं, की रशियाच्या बादशहानं रयतेचे कसे हाल केले त्याची गोष्ट हाय.

"रशियाच्याच ना?" त्यानं विचारलं. "मंग जाऊ द्या."

पुढच्या जुम्म्याला स्वारी दुकानात हजर! गोष्ट कुठवर आली, म्हणे.

*

तिसरा ऐकणारा बिरूनाना धनगर. त्याचा एकुलता एक रामा सरकारविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून वर्षभर जेलात होता. तेव्हा जी कादंबरी चालू होती, तिच्यातला तरुणही तसाच. बादशहाविरुद्ध बोलला म्हणून बर्फाच्या मुलखात कैदेत पडलेला. त्याचं नाव हातभर लांब, अन् दर पानाला वेगळं. हुसेनमियां दर वेळी विचारायचा, आता हा कोण आला? शेवटी नाना वैतागला.

"मास्तर, त्याला नुस्तं पोरगं म्हना."

तेव्हापासून ते पोरगंच झालं.

*

मधेच त्या पोराची आई मेली. मास्तरांनी ते वाचलं अन् नाना उठून चालू लागला. आम्हाला वाटलं, कंटाळला. थोड्या वेळानं ओल्या धोतरानं परत आला. विहिरीवर आंघोळ करून आला होता.

मास्तरांना हसू आलं. अहो नाना, पुस्तकातली बाई ती, म्हणाले.

"असंना का. मेल्याचं कानावर आलं की आंगोळ करावी लागती."

हुसेनमियां हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

*

थंडी पडल्यावर नानानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी करून घेतली अन् ती घेऊन जेलापर्यंत चालत गेला. दारावरच्यांनी ना घोंगडी घेतली, ना भेट दिली. परत आला तो सरळ दुकानात. घोंगडी मांडीवर ठेवून म्हणाला, वाचा पुढं. पोरगं तेव्हा बर्फात खड्डे खणत होतं. त्याला तरी पांघरूण दिलं का, नानानं विचारलं. मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. त्या दिवशी मला त्या पुस्तकाचा लई राग आला.

"मास्तर, या रशियात कुनीच धड घरी येत न्हाई का?" नानानं विचारलं.

मास्तर म्हणाले, मी इतकं वाचलं, पण आलेला एकही पाहिला नाही. त्यांचे लेखक तसं लिहीतच नाहीत.

"मंग खरं लिवत असतील," नाना म्हणाला. पुढं दर जुम्म्याला तो घोंगडी घेऊनच यायचा.

*

एका शुक्रवारी हुसेनमियां सगळ्यांच्या आधी आला. जेलातून सुटलेला एकजण नाक्यावरून गेला होता. रामा तापानं गेला, जेलवाल्यांनी परस्पर उरकलं, असं तो सांगून गेला. मास्तर आले तेव्हा नानाला त्यांनीच सांगायचं ठरलं. तेवढ्यात नाना आलाच. घोंगडी मांडीवर घेऊन बसला अन् म्हणाला, वाचा.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्यात पोरगं बर्फात मरतं, हे मास्तरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मास्तरांनी पुस्तक उघडलं अन् वाचायला लागले, की बादशहानं पोराला सोडलं. पोरगं चालत गावाला आलं. बाप दारातच उभा होता, त्यानं त्याला पोटाशी धरलं. एवढं सगळं वाचलं, पण पान काही उलटलं नाही. हुसेनमियां भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"आलं घरी?" नानानं विचारलं.

"आलं, नाना."

नाना मास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं घोंगडीची घडी करून माझ्या मशीनवर ठेवली, डोक्याचा पटका सोडला अन् विहिरीकडं आंघोळीला गेला.