दीड तासाचं हैदराबाद

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालच्या श्रावणात कळंबला मल्लिनाथला तार आली : आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. तार हैदराबादेहून धाकट्या भावानं, शांतलिंगनं केली होती. आई गौराबाई, लेकरांची अव्वा, औषधपाण्यासाठी त्याच्याकडंच होती.

मल्लिनाथ कळंबच्या मोंढ्यातला धान्याचा आडत्या. नवं काही निघालं की ते आपल्याकडं असावं अन् चारचौघांनी बघावं, हा त्याचा जुना सोस. औरंगाबादेहून हैदराबादला विमान जातं, पावणेतीनशे मैल दीड तासात तोडतं, हे सांगून सांगून त्यानं पेठेचे कान किटवले होते.

बहीण शिवकांता निरोप मिळताच भूमहून बोचकं घेऊन धावत आली. “अण्णा, लातूर रोड ठेसनावरनं रेल्वे हाय. चला की लवकर.”

“रेल्वे रडत जाईल. म्या विमानानं दीड तासात अव्वापाशी असतो.”

“मग मला बी न्या.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. धुळीनं माखलेलं लुगडं, अनवाणी पाय. “तुला झेपायचं न्हाय. वकाऱ्या काढशील, मोठ्या माणसांत शोभा करशील. तू ये रेल्वेनं.”

शिवकांता पदर सारखा करून लातूरच्या मोटारीत जाऊन बसली.

औरंगाबादची वाट हैदराबादकडं पाठ करूनच जायची, पण हे मल्लिनाथनं मनावर घेतलं नाही. विमानानं येतो, अशी तार भावाला ठोकली अन् निघाला. बीडच्या पुढं मोटार बिघडली, तिथंच दिवस गेला. विमानतळावर पोचला तर आभाळ भरलेलं. विमान आलंच नाही. उद्या बघू, तिथले बाबू म्हणाले. रेल्वे गाठावी असं एकदा त्याच्या मनात आलं. पण पेठेत काय सांगायचं? तो थांबला.

दुसऱ्या दिवशी विमान उडालं अन् खरंच दीड तासात उतरलं. त्या दीड तासात मल्लिनाथनं कागदाच्या पिशवीत दोनदा ओकारी काढली.

शांतलिंगच्या दारात माणसं मान खाली घालून बसली होती. घरच्या रीतीप्रमाणं अव्वाला पुरून माती आदल्या दिवशीच झाली होती.

शिवकांता आतून आली. शेवटच्या घटकेला अव्वाचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

“लई वाट बघितली अव्वानं तुमची,” ती म्हणाली. “वरनं विमानाचा आवाज आला की विचारायची, ह्यात माझा मल्लू असंल का गं?” मग डोळे पुसत म्हणाली, “बरं झालं अण्णा, तुमी मला संगं नेलं न्हाय.”

त्यात टोमणा नव्हता. ती मनापासून म्हणाली, अन् म्हणूनच मल्लिनाथला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या.

संध्याकाळी तीच त्याला समाधीपाशी घेऊन गेली. त्यानं मूठभर माती उचलली, पण आईला द्यायला हात पुढं होईना. आपण कुठल्या तोंडानं आलो, हेच मनात घोळत राहिलं.

“द्या अण्णा,” शिवकांता हळूच म्हणाली अन् तिनं त्याच्या मुठीखाली आपला हात धरला.