व्याही आले आणि मी उठलोच नाही

सांगू की नको, सांगू की नको करता करता चहा थंड होऊन राहिला, म्हणून सांगूनच टाकतो. पण एक अट आहे. हसायचं नाही! बरं, हसा, पण कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता आणि चादर मला धुवायला लागली होती.

तर मी मोजणी खात्यातून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर लोकांच्या वावरांचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, मोजले. आमच्याकडे हातभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, आणि त्या दोघांच्या मधोमध साखळी धरून मी उभा! त्यामुळे मापाच्या बाबतीत मला थोडा गर्व. थोडा म्हणजे काय, बराच. आमच्या बायकोला, शोभाला, विचाराल तर ती दोन्ही हात पसरून दाखवेल.

आमची लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला अमरावतीला आली. मुलगी झाली. बारसं ठरलं. आणि अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला. या बाई अकोल्यात शिवणकामाचे क्लास घेतात. अर्धा अकोला त्यांच्या हाताखालून शिकून गेला म्हणतात. त्या म्हणाल्या, "नातीसाठी दुपटं मी शिवून आणते."

आता गप्प बसावं की नाही? "आणा" म्हणावं आणि फोन ठेवावा की नाही? पण नाही!

"काहून जी, विहीणबाई? दुपटं तर मीच शिवीन. रंगीत तुकडे जोडून. आजाच्या हातचं!"

पलीकडून आवाज आला, "तुमी?"

त्या 'तुमी'त काय काय होतं, ते मला कागदावर मांडता येणार नाही. मी म्हणालो, "त्यात काय मोठं? कापडाच्या कडेपासून पाव इंचावर शिवण मारायची. मी एकराएकरानं जमीन मोजली जी!"

अहो, एकर मोजणं सोपं असतं. एकर पळत नाही. कापड पळतं!

शोभाची जुनी काळी मशीन आहे, लोखंडी स्टँडची, पायडलवाली. ती पुढच्या खोलीत कूलरसमोर ओढून घेतली. मे महिना. अंगात बनियन, खाली लुंगी. चौकड्याची, निळी-पांढरी. नारिंगी आणि हिरव्या कापडाचे त्रिकोण कापले, दोन एकमेकांवर ठेवले, टोक सुईखाली सरकवलं आणि मारलं पायडल.

गिळलं!

अहो, खरंच गिळलं! पंगतीतला शेवटचा पाहुणा जिलेबी ओढतो तसं मशीननं ते टोक सुईखालच्या भोकात ओढून घेतलं. वर कापडाचा चोळामोळा, खाली धाग्याचं घरटं. ओढून काढलं तर त्रिकोणाला टोकच उरलं नाही. दुसरा घातला. तोही गेला. तिसरा गेला. दुपारपर्यंत मी दुपटं शिवत नव्हतो, मशीनला जेवू घालत होतो!

शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमी तिले सोडा जी. ते मशीन मले ओळखते, तुमाले नाही ओळखत."

मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई मोठी समजूतदार. म्हणाली, आधी एका चिंधीवर शिवण सुरू करा आणि तिच्या मागोमाग आपलं कापड सरकवा, म्हणजे मशीनला तोंड मारायला चिंधी मिळते. दोन्ही धागे मागं धरून ठेवा. तरीही गिळलं तर खाली पातळ कागद ठेवा. आणि सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचे थर लावून बांध घाला, कापडाची कड त्या बांधाला घासून चालवा.

बांध! आता ही माझी भाषा झाली! फूटपट्टी लावून पट्टी चिकटवली. चिंधी लावली. कागद म्हणून हाताला आला तो पेपर घेतला. आणि काय सांगू, शिवण अशी निघाली, अशी निघाली की मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

शोभा पाहायला आली. तिनं तुकडा उलटा केला आणि किंचाळली, "हे काय, बाप्पा! लेकराच्या दुपट्यावर 'दुःखद निधन'?"

तुकड्यांना खालून लावलेल्या पांढऱ्या अस्तरावर पेपरची शाई उमटली होती. तीही उलटी. एक आजोबा, फोटोसकट! तो तुकडा फेकला. नवीन तुकड्याखाली कोरा कागद ठेवला. पण शिवण जमली होती, आणि मला आता कोण थांबवतं? लगेच फोटो काढून विहीणबाईंना पाठवला. खाली लिहिलं, 'पाव इंच म्हणजे पाव इंच!' त्यांचं उत्तर आलं. फक्त एक अंगठा. तुम्हीच सांगा, एवढ्या कारागिरीला एक अंगठा?

आता खरी गोष्ट ऐका.

बारशाच्या आदल्या दिवशीची दुपार. तुकडे सगळे जोडून झाले होते, चारी बाजूंनी काठ लावायचा राहिला होता. शोभा बाजारात गेली होती. पल्लवी आतल्या खोलीत दार लोटून बाळाजवळ झोपली होती. मशीनला तेल दिलं, ते सांडलं. फडकं कुठे शोधत बसता? लुंगीचं टोक घेतलं, मशीन पुसली, आणि ते टोक तिथंच राहिलं. त्यावर दुपटं ठेवलं आणि पायडल मारत सुटलो. गाणं गुणगुणत. मशीन छान चालली होती. इतकी छान की मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

मग खट्ट झालं आणि मशीन अडली. सुई खाली रुतलेली. चाक हलेना. वाकून पाहतो तर काय? दुपट्याखाली निळे-पांढरे चौकडे! माझी लुंगी दुपट्याला शिवलेली, दुपट्याची कड भोकात गिळलेली, आणि कात्री पलीकडे दिवाणावर. म्हणजे मी, लुंगी, दुपटं आणि मशीन, सगळं मिळून एकच नग!

मनात म्हटलं, घाबरायचं कारण नाही. पाहायला कोणी नाही. लुंगी सोडायची, कात्री आणायची, पुन्हा बसायचं. आत पट्ट्यापट्ट्याची चड्डी आहेच. गाठीला हात घातला, आणि फाटकापाशी गाडी थांबली.

"राम राम, व्याही!"

वासुदेवराव! आमचे व्याही! आणि मागे विहीणबाई! उद्या सकाळी येणारी माणसं, त्यांच्या पुतण्याची गाडी इकडेच येत होती म्हणून आजच निघाली. दार उघडंच होतं, तिघंही थेट आत.

आता तुम्हाला माहीत आहे, आमच्या वऱ्हाडात व्याही दारात आले आणि मुलीचा बाप उठला नाही, तर काय होतं? त्या गोष्टीची नातवंडांच्या लग्नापर्यंत आठवण काढतात! आणि मी बसल्या बसल्या हात जोडले. "या, या, बसा न जी."

वासुदेवरावांचा चेहरा उतरला. विहीणबाईंनी पदर सावरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागल्या. पुतण्या उगाच चपला सरळ करत बसला.

"काहून, व्याही?" वासुदेवराव हळूच म्हणाले. "काही नाराजी हाय काय?"

खरं सांगून टाकायला काय झालं होतं? पण समोर कोण? शिवणकामाच्या मास्तरीणबाई! 'पाव इंच म्हणजे पाव इंच' ज्यांना लिहून पाठवलं त्याच! माझ्या तोंडून निघून गेलं, "कंबर! कंबर धरली जी. उठताच नाही येऊन राहिलं."

झालं! वासुदेवरावांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. कंबर हा त्यांचा खास विषय, हे मला काय माहीत?

"कंबर? मंग आधी नाही सांगाचं? माही बी धरली होती. कोणच्या बाजूनं?"

"दोन्ही."

"दोन्ही? अरे बापरे! थांबा, तेल हाय माह्या पिशवीत. तुमी फक्त लुंगी ढिली करा!"

"लुंगी नोका!" मी असा ओरडलो की आत बाळ रडायला लागलं.

पल्लवी बाळाला खांद्यावर घेऊन धावत आली. "काय झालं, बाबा?"

"तुह्या बाबाची कंबर धरली," विहीणबाई म्हणाल्या.

"कधी? सकाळी तर दिवाण एकट्यानं सरकवला त्याहीनं!"

"त्यानंच धरली!" मी कण्हलो. पहिल्यांदा नीट कण्हलो नव्हतो, म्हणून परत एकदा कण्हलो.

वासुदेवराव एव्हाना माझ्या पायापाशी बसले होते. "नस दबली असंन. पाय हालते का पाहू." आणि त्यांनी माझ्या पोटरीला असा चिमटा काढला, असा काढला की माझा पाय दाणकन पायडलवर पडला!

आणि इतका वेळ अडलेली मशीन चालली. खर्रर्रर्र! माझ्या डोळ्यांदेखत आणखी वीतभर लुंगी सुईखालून गेली. गाठ कमरेला काचली. चिमटा बसला की मशीन चालायची, मशीन चालली की मी ओरडायचो, आणि मी ओरडलो की वासुदेवरावांना वाटायचं, नस सापडली!

"हेच! हेच ठिकाण हाय!" परत चिमटा. परत खर्रर्र!

मी पोटावरून दुपटं दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. विहीणबाई म्हणाल्या, "एवढ्या गर्मीत दुपटं घेऊन बसले, थंडी वाजून राहिली वाटते. अंगात ताप बी असंन."

"दवाखान्यात नेऊ!" वासुदेवराव उठले. "उभं नाही राहता येत तर खुर्चीसकट नेऊ. गाडी उभीच हाय."

"नोका, नोका! आता बरं वाटते!"

"असंच वाटते सुरवातीले," ते म्हणाले.

त्यांनी पुतण्याला एका बाजूला उभं केलं, स्वतः दुसऱ्या बाजूला गेले. मी मशीन घट्ट धरली. त्यांना वाटलं, माणूस वेदनेनं मशीन धरून राहिला.

"सोडा जी मशीन, जीव मोठा की मशीन? हां, उचला! एक, दोन..."

खुर्ची वर गेली. मशीन जागची हलली नाही. शेरभर लोखंड आहे का ते? लुंगी आधी ताणली, मग कुरकुरली, मग गाठ सुटली. आणि मी खुर्चीत बसून, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, पालखीसारखा वर गेलो. लुंगी खाली मशीनपाशी झेंड्यासारखी लटकत राहिली.

आणि त्याच वेळी शोभा दारात! दोन्ही हातांत पिशव्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे.

"बारसं उद्या हाय न?" ती म्हणाली. "मंग आज याहीची वरात कायले काढून राहिले?"

विहीणबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. पण शिवणवाली बाई ती, तिची नजर मशीनकडे गेलीच. त्यांनी दुपटं उचललं. उलटं केलं. लुंगी पाहिली. परत दुपटं पाहिलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय!

"अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, पदर तोंडात कोंबत, "याहीची कंबर नाही धरली काही. मशीननं लुंगी धरली!"

मग काय विचारता! वासुदेवराव हसता हसता खाली बसले, त्यामुळे माझी खुर्ची एका बाजूनं कलली आणि मी दिवाणावर पडलो. तिथं कात्री होती. ती कुठं टोचली ते विचारू नका. पल्लवी भिंतीला टेकून हसत होती, आणि तिच्या खांद्यावर रडणारं बाळ एकदम गप्प होऊन माझ्या चड्डीकडे पाहत होतं.

पायजमा घालून बाहेर आलो, तर विहीणबाई चष्मा लावून, पर्समधून टेप काढून मोजत बसल्या होत्या. दुपट्याची एकेक शिवण. मी आरोपीसारखा उभा.

"ही पाव इंचाच्या आत हाय," त्या म्हणाल्या. "ही अर्ध्यावर गेली. ही तर गावाले जाऊन आली. अन् ही पाहा." त्यांनी लुंगीवरची शिवण टेपवर ठेवली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर पाव इंच! अशी तर माह्या क्लासातल्या पोरीहीले जमत नाही."

"असं कसं?" मी विचारलं.

"दुपटं शिवताना तुमी कापड ओढत होते जी. लुंगी शिवून राहिलो हे तुमाले माहीतच नव्हतं, म्हणून तिले ओढलं नाही. मशीनले तिचं काम करू दिलं."

मग उसवायचं की नाही, यावर घरभर चर्चा झाली. विहीणबाई नाहीच म्हणाल्या. उसवलं तर अस्तर फाटेल, आणि एवढी चांगली शिवण कोणी उसवते काय? त्यांनी शिवणीच्या कडेनं लुंगी कापली, चौकड्याची पट्टी आतून वर दुमडली आणि तिचाच काठ केला. उरलेल्या तीन बाजूंना माझ्याच उरलेल्या लुंगीचा काठ लावला. मी शेजारी बसून चिंध्या देत होतो. खरं सांगू? नारिंगी-हिरव्या तुकड्यांना तो निळा काठ इतका शोभला की दुकानातलं दुपटं त्यापुढे फिकं पडावं.

दुसऱ्या दिवशी बारसं. पाळण्यात बाळ, बाळाखाली दुपटं. सगळ्या बायकांची नजर त्या काठावर. शोभाची एक म्हातारी मावशी आली होती. तिनं काठ बोटांनी चाचपला आणि विचारलं, "हा चौकड्याचा कपडा कुठचा व? लय नरम हाय."

मी पटकन पाण्याचे ग्लास भरायला वळलो. पण विहीणबाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "आमच्या व्याह्यानं देला, मावशी. नातीसाठी अंगावरचं वस्त्र काढून देलं."

मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं माझ्याकडे पाहून हात जोडले. "माय वं! असा आजा म्या जन्मात नाही पाह्यला!"

घुगऱ्या वाढता वाढता आमची शोभा म्हणाली, "बरंच झालं, मावशी. आमी पाह्यला!"